इंग्रजीतील अपूर्ण भूतकाळ व कालदर्शक उभयान्वयी अव्यये

आपल्या राज्यात इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जात आहे. तथापि उच्च प्राथमिक वर्गांतील वह्या तपासताना एक दोष वारंवार आढळतो. ‘वॉज’, ‘वेअर’ व ‘आयएनजी’ ही रूपे मुलांना मुखोद्गत असतात. परंतु ‘व्हेन’ अथवा ‘व्हाइल’ यांनी दोन वाक्ये जोडावयाची वेळ आली की ती गोंधळतात. या गोंधळाचे मूळ बहुतांशी मराठीच्या रचनेत आहे, आणि त्यावरील उपायही मराठीतच आहे.

प्रथम या काळाचे प्रयोजन पाहू. पूर्णा-परभणी लोहमार्गावरील एखाद्या फाटकाविषयी मुलाने दोन वाक्ये लिहिली असे समजा. ‘व्हेन द ट्रेन केम, द कार्ट वॉज क्रॉसिंग द लाइन’ म्हणजे गाडी आली त्या क्षणी बैलगाडी रुळावरच होती. ‘व्हेन द ट्रेन केम, द कार्ट क्रॉस्ड द लाइन’ म्हणजे आगगाडी आल्यावर बैलगाडीने रूळ ओलांडला. पहिल्या वाक्यात गाडीवान अडकलेला दिसतो, तर दुसऱ्यात त्याने गाडी येत असूनही बैल हाकले असा अर्थ निघतो. क्रियापदाच्या एका रूपाने दोष कोणाचा हेच बदलते. पुढे अर्ज, जबाब वा वृत्तान्त लिहिण्याचा प्रसंग आपल्या विद्यार्थ्यांवर येणारच आहे. म्हणून हा भेद केवळ गुणांपुरता मानू नये.

हा भेद शिकविण्यास फळ्यावरील एक रेघ व एक टिंब पुरेसे आहे. लांब रेघ ही चालू असलेली क्रिया. तिच्यावरील टिंब ही मध्येच घडलेली क्रिया. ‘वी वेअर पिकिंग कॉटन व्हेन द रेन केम’ या वाक्यात कापूस वेचणे ही रेघ आणि पाऊस येणे हे टिंब. ‘व्हेन’ बहुधा टिंबापूर्वी येते, ‘व्हाइल’ रेघेपूर्वी. म्हणून तेच वाक्य ‘व्हाइल वी वेअर पिकिंग कॉटन, द रेन केम’ असेही होते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतील तर दोन रेघा काढाव्यात : ‘व्हाइल मदर वॉज कुकिंग, आय वॉज रीडिंग.’ एकामागून एक घडल्या असतील तर दोन टिंबे : ‘व्हेन द बेल रँग, द चिल्ड्रेन रॅन आउट.’

आता मराठीमुळे होणाऱ्या तीन चुका ध्यानात घ्याव्यात.

पहिली चूक ‘असताना’ची. ‘मी जेवत असताना पाहुणे आले’ या वाक्यात ‘असताना’ हे रूप काळ वा पुरुष दर्शवीत नाही. मूल त्याच साच्यात ‘व्हाइल आय ईटिंग’ असे लिहिते. इंग्रजीत ‘व्हाइल’नंतर कर्ता आला की त्याच्याजोगे ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आलेच पाहिजे : ‘व्हाइल आय वॉज ईटिंग, द गेस्ट्स केम.’

दुसरी चूक ‘तेव्हा’ची. मराठीत ‘जेव्हा–तेव्हा’ ही जोडी शोभते. इंग्रजीत ‘व्हेन’ एकटेच पुरे. पुढील वाक्यात ‘देन’ घालू नये. ‘व्हेन’चे वाक्य आधी असल्यास त्यानंतर स्वल्पविराम द्यावा, मागाहून असल्यास सामान्यतः देत नाहीत.

तिसरी चूक सूक्ष्म आहे. मराठीत ‘जात होतो’ हे रूप चालू क्रियेस व नित्याच्या सवयीस, दोहोंस चालते. ‘मी लहान होतो तेव्हा रोज गोदावरीवर जात होतो’ असे गंगाखेडचा विद्यार्थी सहज म्हणेल आणि ‘आय वॉज गोइंग’ असे लिहील. येथे ‘आय वेंट’ किंवा ‘आय यूज्ड टु गो’ हवे. याची कसोटी आपल्या व्याकरणातच आहे, ती म्हणजे रीति भूतकाळ. ‘जात होतो’च्या जागी ‘जात असे’ किंवा ‘जायचो’ घालून पाहावे. अर्थ कायम राहिला तर ती सवय होय. तेथे अपूर्ण भूतकाळ योजू नये. ‘पाऊस आला तेव्हा मी शाळेत जात होतो’ येथे ‘जायचो’ बसत नाही. म्हणून ‘आय वॉज गोइंग’ हेच योग्य. हिंदीही साहाय्यास येते : ‘जाता था’ ही सवय, ‘जा रहा था’ ही चालू क्रिया. बाजारात व शेजारी हिंदी-उर्दू ऐकणाऱ्या आपल्या मुलांना हा भेद चटकन उमगतो.

‘ओळखत होतो’सारखी जाणिवेची क्रियापदे मात्र अपवाद समजावीत. ‘मी त्यांना ओळखत होतो’ याचे इंग्रजी ‘आय न्यू देम’ असेच होते.

वर्गात हा पाठ प्रथम तोंडी घ्यावा. एका मुलाने पाणी शेंदण्याचा अभिनय करावा, दुसऱ्याने मध्येच येऊन दार ठोठवावे, आणि बाकीच्यांनी ते वाक्यात सांगावे. त्यानंतर प्रत्येकाने आदल्या सायंकाळचे एक खरे वाक्य मराठीत म्हणावे, रेघ व टिंब काढावे, कसोटी लावावी आणि मगच इंग्रजीत लिहावे. मराठी वाक्याचा अर्थ ज्याने असा पारखला, त्याला इंग्रजी नियम निराळा पाठ करावा लागत नाही.