छोट्या विमानात जीपीएस बसवायचा कुठे?

सेस्ना १७२ हे चार आसनी विमान १९५६ पासून बाजारात आहे आणि आजवर त्याची ४४ हजारांहून अधिक विमाने बनली आहेत. त्यातली कित्येक विमाने जीपीएस येण्याआधीची. त्यामुळे अमेरिकेतले अनेक हौशी वैमानिक हातात मावणारा जीपीएस किंवा आयपॅड सोबत नेतात. प्रश्न उरतो तो जागेचा.

सोयीची जागा म्हणजे योक, अर्थात विमानाचे सुकाणू. तिथे पडदा नजरेसमोर राहतो. मात्र सुकाणू फिरते, पुढेमागे सरकते. म्हणून उड्डाणापूर्वी ते चारही दिशांना शेवटपर्यंत हलवून पाहावेच लागते. उपकरण मांडीला अडले किंवा चार्जिंगची वायर गुंतली, तर ऐन उतरताना विमान हवे तसे वळणार नाही.

काचेला चिकटणारा सक्शन कप बसवायला सोपा. पण त्याला काचेवर दाबून धरते ती बाहेरची हवा, आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो. पकड सैल होते. शिवाय समोरची काच अडली, तर दुसरे विमान दिसायला उशीर होऊ शकतो.

होकायंत्राचीही काळजी घ्यावी लागते. स्पीकरमधले किंवा स्टँडमधले चुंबक त्याची दिशा चुकवू शकते. उपकरण जवळ आणून, दूर नेऊन होकायंत्र हलते का, हे जमिनीवरच तपासता येते.

उन्हाचा मुद्दाही गंभीर आहे. ॲपल आयपॅडसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान योग्य मानते. काचेमागे तापलेला आयपॅड मध्येच बंद पडू शकतो. म्हणून तो सावलीत, हवेच्या झोताजवळ लावावा आणि कागदी नकाशाही हाताशी ठेवावा.