खर्जाचा सा आणि खोक्यावरचे वॉट

घरात संगीत ऐकण्यासाठी वापरला जाणारा स्पीकर हे, काटेकोरपणे पाहिले तर, उष्णता निर्माण करणारे यंत्र आहे; कारण त्याला पुरवलेल्या विजेपैकी साधारण पाव ते अर्धा टक्का ऊर्जाच ध्वनीच्या रूपाने बाहेर पडते आणि उरलेली जवळजवळ सारी तारेच्या वेटोळ्यात तापून विरते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली वर्णन केलेली रचना, म्हणजे चुंबकाच्या फटीत तरंगते वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू आणि बदलत्या विद्युतप्रवाहाबरोबर होणारी त्याची पुढेमागे हालचाल, आज पाचशे रुपयांच्या स्पीकरमध्येही सापडते आणि पाच लाखांच्याही. शंभर वर्षांत चुंबक बळकट झाले, कागदाच्या जोडीला प्लास्टिक आले, खोक्याचे गणित पक्के झाले. मूळ युक्ती तीच राहिली. दहा-पंधरा हजार रुपये हाताशी असलेल्या रसिकाला, त्यामुळे, या जुन्या युक्तीच्या कोणत्या मर्यादा पत्करायच्या आणि कोणत्या पत्करायच्या नाहीत, एवढेच ठरवायचे असते.

खोक्यावर ठळक छापलेला वॉटचा आकडा हा या व्यवहारातला सर्वांत निरुपयोगी आकडा होय. संगणकाच्या छोट्या स्पीकरांवर एके काळी सर्रास दिसणाऱ्या आणि अजूनही अधूनमधून डोके वर काढणाऱ्या ‘पीएमपीओ’ या मापाला, म्हणजे क्षणभर मिळू शकेल असे मानलेल्या कमाल शक्तीला, मोजणीची सर्वमान्य रीतच नाही, आणि म्हणूनच ओंजळीत मावणाऱ्या खोक्यावर हजार वॉट लिहिणे उत्पादकाला परवडते. त्याची शहानिशा करायला कोणतेही उपकरण लागत नाही. सोबतच्या अ‍ॅडॉप्टरवरील बारीक अक्षरे वाचली की पुरते. तिथे १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असे लिहिलेले असेल, तर दोहोंचा गुणाकार २४ वॉट होतो, आणि अ‍ॅडॉप्टरमधून जे यंत्र २४ वॉट घेते ते सरासरीने त्याहून अधिक शक्ती स्पीकरला देऊ शकत नाही, मग खोके काहीही म्हणो.

घरगुती श्रवणाला मुळात शक्ती लागते तरी किती? ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि हे गुणोत्तराचे माप आहे: शक्ती दुप्पट केली तर पातळी ३ डेसिबलने वाढते, दसपट केली तर १० डेसिबलने, आणि कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटावा यासाठी ही दसपट वाढ लागते. स्पीकरला १ वॉट दिल्यावर १ मीटरवर जी पातळी मिळते तिला त्याची संवेदनक्षमता म्हणतात. ती ८६ डेसिबल असलेली जोडी दोन मीटरवर बसून ऐकणाऱ्याला प्रत्येकी एका वॉटमध्येच ८० डेसिबलहून अधिक आवाज मिळतो, जो बंद खोलीत रोजच्या ऐकण्याला पुष्कळ झाला. थाप, तिहाई यांसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी दसपट शक्ती राखून ठेवली तरी हिशेब दहा-पंधरा वॉटच्या फारसा पुढे जात नाही. ५० वॉटऐवजी १०० वॉटचे यंत्र घेणाऱ्याच्या पदरी ३ डेसिबल पडतात, म्हणजे लक्ष देऊन ऐकल्यास कळेल इतकाच फरक.

पैसा खरा खर्ची पडतो तो खालच्या सुरांवर. एकाच शंकूने तेवढ्याच पातळीचा सूर एक सप्तक खाली वाजवायचा असेल तर त्याला पुढेमागे चौपट अंतर हलावे लागते, आणि तीन-चार इंची शंकूला तेवढी हालचाल झेपत नाही. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा की, खोलवर जाणारा खर्ज, चांगली संवेदनक्षमता आणि लहान खोके या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळू शकतात. खोके तेच ठेवून पोहोच एक सप्तक खाली नेली तर कार्यक्षमता एक-अष्टमांश होते. एडगर विल्चर यांनी १९५४ साली बंद खोक्यातील हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान खोक्यातून खोल सूर काढला, तेव्हा कार्यक्षमतेवर पाणी सोडले होते. स्वस्त ‘होम थिएटर’ संचांचा निर्माता वेगळीच वाट धरतो: खरा खोल सूर देता येत नाही म्हणून १०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा फुगवायचा, म्हणजे कोणतेही गाणे लावले तरी तोच एक धम्म आवाज येतो आणि गिऱ्हाईक खूश होते. मिरवणुकीतील डीजेच्या भिंतींनी घडवलेल्या अभिरुचीला तो पसंत पडावा यात नवल नाही, पण संगीताशी त्याचा संबंध बेताचाच.

मराठी घरांत जे ऐकले जाते त्याला खालून नेमके काय लागते, हे तंबोऱ्यावरून चांगले समजते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १३९ कंपनांचा, आणि खर्जाच्या तारेचा त्याच्या निम्मा, सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. चार इंची वूफरचे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या शंकूचे, बहुतेक स्पीकर इथपर्यंत उतरताना दमलेले असतात आणि मोबाइलचा स्पीकर तर याच्या कित्येक पट वरच थांबतो. तरीही मोबाइलवर लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ऐकणाऱ्याला ओळखू येतो. प्रत्येक सुरात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेचे उपस्वरही असतात, आणि मूळ कंपन गाळले तरी उपस्वरांमधील समान अंतरावरून मेंदू ते स्वतःच भरून काढतो. या ‘हरवलेल्या मूलस्वरा’ची चर्चा जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट झेबेक यांच्या १८४१ मधील सायरनवरील प्रयोगांपासून चालत आली आहे, आणि लहान स्पीकरांचा सारा धंदा एका अर्थी तिच्यावरच उभा आहे.

तंबोऱ्यात तर उपस्वरांचीच श्रीमंती असते. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोरा तो मोडतो हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. कारण रुंद, किंचित वक्र घोडीला कंप पावणारी तार वारंवार घासून जाते आणि तारेखालचा दोरा ही घासण्याची जागा नेमकी ठरवतो. मिरजेचे कारागीर कानाने जुळवतात ती जवारी हीच. तिच्यामुळे ६९ हर्ट्झच्या तारेतून पाचवा उपस्वर, म्हणजे सुमारे ३४५ हर्ट्झचा गंधार, कोणीही न छेडता उमलतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, आणि त्याच्याही वर काही हजार हर्ट्झपर्यंत जवारीची झिलई पसरलेली असते. एकट्या तंबोऱ्याची ध्वनिफीत ही त्यामुळे स्पीकरची स्वस्तातली आणि कठोर परीक्षा ठरते: मधला पट्टा खचलेल्या स्पीकरवर गंधार विझतो, वरचा फुगलेल्या स्पीकरवर झिलईचा किरकिराट होतो. ख्याल, नाट्यगीत, भावगीत, अभंग यांचा जीव साधारण १५० ते ५००० हर्ट्झच्या याच मधल्या पट्ट्यात असतो, आणि कमी पैशात जर काही चांगले मिळत असेल तर तेही इथेच मिळते.

ही गोष्ट जुन्या मुद्रणांना अधिकच लागू पडते. १९२५ पर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या कर्ण्यातून तबकडीवर उतरणारा पट्टा ढोबळमानाने दोनशे ते अडीच हजार हर्ट्झचा असे; नंतर मायक्रोफोन आला, तरी अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील तबकड्यांना सबवूफरवर लावले तर खालून ऐकू येतो तो मुख्यतः तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा घरघराट. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागलेले गीतरामायणही मोनो, म्हणजे एकाच मार्गिकेवरचे. ज्याच्या संग्रहात असेच संगीत प्रामुख्याने आहे त्याने सगळा पैसा एकाच चांगल्या स्पीकरवर घालावा, हा सल्ला विक्षिप्त वाटला तरी भौतिकीला धरून आहे. त्याच पैशात पाच खोक्यांचा संच घेणे म्हणजे प्रत्येक खोक्यावर पाचवा हिस्साच खर्च करणे. नवे, दोन मार्गिकांवरचे संगीत ऐकणाऱ्याला अर्थातच जोडी हवी. त्या जोडीवरही मोनो मुद्रण लावून पाहावे: आवाज दोहोंच्या बरोबर मध्ये, हवेत उभा राहिल्यासारखा वाटला पाहिजे. तो पसरट वाटला किंवा सुराच्या उंचीनुसार इकडेतिकडे सरकला, तर दोन्ही स्पीकर एकमेकांशी जुळणारे नाहीत.

एकाच शंकूला सर्व सूर सारखे वाजवता येत नाहीत, कारण ध्वनीची तरंगलांबी शंकूच्या व्यासाएवढी होऊ लागली की ध्वनी चहूकडे पसरण्याऐवजी समोर झोतासारखा जातो. पाच इंची वूफरच्या बाबतीत हे ३००० हर्ट्झच्या सुमाराला, तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटरवर येते तेव्हा घडते. म्हणून वरचे सूर लहान ट्वीटरकडे सोपवतात आणि ही वाटणी करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. दुर्दैवाने वाटणीची ही जागा कान सर्वाधिक तिखट असतो त्या पट्ट्यात येते, आणि काटकसरही नेमकी इथेच होते: अगदी स्वस्त स्पीकरमध्ये ट्वीटरच्या वाटेत एक कपॅसिटर टाकून काम भागवलेले असते, वूफरला तर मोकाटच सोडलेले असते. गाणे चालू ठेवून समोर उभे राहावे आणि मग खाली बसावे. गळ्याचा पोत ठळकपणे बदलला तर जोडकाम कच्चे आहे असे समजावे.

दुकानात ऐकून निवड करणे हे वाटते तितके विश्वासार्ह नाही. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवल्याप्रमाणे, आवाज लहान असताना कानाला खालचे सूर फार कमी जाणवतात आणि आवाज वाढवला की ते भराभर भरून येतात. साहजिकच दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच भरदार वाटतो, आणि विक्रेत्याचा हात कोणत्या बटणावर असतो हे सांगायला नको. मोबाइलवरील ध्वनिमापक अ‍ॅप अचूक नसले तरी दोन स्पीकर एकाच पातळीवर आणण्यापुरते ते चालते. डोळे तर कानांहून अधिक फसवतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत अनेक वर्षे काम केलेले फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीत केलेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात श्रोते कंपनीचेच कर्मचारी होते. पडद्याआडून ऐकताना एका लहान, स्वस्त संचाला त्यांनी बऱ्यापैकी गुण दिले, पण पडदा दूर होताच त्याच संचाचे गुण घसरले. टूल यांच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा निघालेला निष्कर्ष असा की, न पाहता ऐकणाऱ्या बहुतेकांना तोच स्पीकर आवडतो ज्याचा प्रतिसाद सपाट असतो, म्हणजे जो कोणताही पट्टा फुगवत वा दाबत नाही, आणि बाजूने ऐकतानाही ज्याचा तोल टिकतो.

घरी आणलेल्या स्पीकरचे पुढचे नशीब खोली ठरवते. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झचा तरंग समोरासमोरच्या भिंतींमध्ये बरोबर अर्धा बसतो, दहा फुटांच्या बाजूत ५७ हर्ट्झचा. अशा वारंवारितांना आणि त्यांच्या पटींना, म्हणजे ९४, ११३ अशा सुरांना, खोली स्वतःच साथ देऊ लागते. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढला जातो तेव्हा सूर सलग चढायला हवा, पण अशा खोलीत तो मध्येच एका ठिकाणी घुमतो आणि लगेच पुढे दबतो, आणि दोष बिचाऱ्या स्पीकरच्या माथी बसतो. बसण्याची जागा हातभर पुढेमागे केली तरी फरक कळतो. खोलीच्या नेमक्या मध्यावर आणि मागच्या भिंतीला टेकून, या दोन्ही जागा टाळाव्यात.

वरच्या सुरांचा प्रश्न घुमण्याचा असतो. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ च्या सुमारास हार्वर्डच्या फॉग कला संग्रहालयातील व्याख्यानगृहात, जिथे बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे, शेजारच्या नाट्यगृहातून रात्री गाद्या वाहून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि किती गाद्यांनी आवाज किती लवकर विरतो हे स्टॉपवॉचने मोजले. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया असा गाद्यांवर घातला गेला. फरशी, गिलावा आणि काच एवढेच असलेल्या रिकाम्या खोलीत हा काल दोन सेकंदांच्या वर जाऊ शकतो, तर गादी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट एवढ्याने तो अर्ध्या सेकंदाच्या जवळ येतो. जाजम आणि पडद्यावर घातलेल्या दोन हजारांनी जितकी सुधारणा होते तितकी स्पीकरवर दोन हजार जास्त घालून क्वचितच होईल. भिंतीतल्या शोकेसमध्ये स्पीकर आत सरकवून ठेवण्याची पद्धत मात्र मोडावी, कारण तो कप्पाच घुमू लागतो. तिथेच ठेवणे भाग असेल तर स्पीकरचा दर्शनी भाग फळीच्या कडेपर्यंत आणावा, आजूबाजूची पोकळी पुस्तकांनी भरावी आणि ट्वीटर कानाच्या उंचीला येईल असे पाहावे.

अ‍ॅम्प्लिफायरबाबत फार विचार करण्याचे दिवस संपले आहेत, कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारे साधे क्लास-डी बोर्डही, चांगला वीजपुरवठा दिला तर, स्वस्त स्पीकरहून कितीतरी कमी विकृती निर्माण करतात. जाड तांब्याची साधी वायर पुरते. ब्लूटूथमुळे होणारी घट या किमतीच्या स्पीकरमधून ओळखू येणे कठीण.

जुन्या बाजारात याच पैशात एके काळचे महाग स्पीकर मिळू शकतात, पण शंकूभोवतीची कडा आधी तपासावी. ती पॉलियुरेथेन फोमची असेल तर दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत तिचा भुगा होतो, म्हणून कोकण किंवा मुंबईतून आलेल्या नगावर बोटाने हलके दाबून पाहावे. रबराची कडा बहुधा शाबूत असते. शंकू चार बोटांनी सारखा आत दाबताना खरखर आली तर वेटोळे फटीत घासत आहे असे समजावे आणि सौदा सोडावा. नुसती फोमची कडा गेली असेल तर ती कमी खर्चात नवी चिकटवून मिळते, आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागता येते.