राखीव आहे, पण नक्की कशी?

पनवेल स्टँडवर अलिबागची एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट पकडणारी मंडळी तुम्ही पाहिलीच असतील. गाडी भरल्यावर रुमाल टाकून काय उपयोग? हायपरवायझरचंही तसंच आहे. (मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापू नका!)

आधी थोडी थिअरी. जेलहाउस हा सीमेन्समध्ये तयार झालेला, २०१३ साली जाहीर झालेला ओपन सोर्स हायपरवायझर. गंमत म्हणजे इथे आधी लिनक्स बूट होतो आणि मग चालू लिनक्सच्या खाली जेलहाउस सरकतो. एखादा कोअर काढून घेऊन त्याची तो वेगळी कोठडी करतो. आम्हाला रास्पबेरी पाय ४ च्या एका कोअरवरून स्टेपर मोटरला पल्स द्यायचे होते, म्हणजे उरलेल्या तीन कोअरवर लिनक्सने काहीही गोंधळ घातला तरी मोटर अडखळणार नाही.

पण आधी आलेला लिनक्स सगळी रॅम आपलीच समजतो, आणि जेलहाउसला हवा ठरलेल्या पत्त्यावरचा सलग तुकडा. म्हणून रुमाल बूटच्या वेळीच टाकायचा.

लॅपटॉपवर हे काम मेममॅप पॅरामीटरने होतं. तिथे एक खड्डा आहे: आकार आणि पत्ता यांच्यामधलं डॉलरचं चिन्ह ग्रब चक्क गिळतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये त्याआधी तीन बॅकस्लॅश द्या आणि बूट झाल्यावर /प्रॉक/सीएमडीलाइन उघडून डॉलर जिवंत आहे ना ते बघा.

तीच ओळ आम्ही पायवर टाकली. काहीच झालं नाही, कारण तिथला एआरएम कर्नल मेममॅपला विचारतच नाही. तिथे डिव्हाइस ट्रीमध्ये रिझर्व्हड-मेमरीचा नोड लिहायचा. लिहिला. रीबूट केला. फ्री कमांडने एकूण मेमरी कमी दाखवली. पार्टनर म्हणाला, "झालं की गं!" जेलहाउस सुरू केला, तर हायपरवायझरची मेमरी मिळाली नाही असा एरर आणि खाली प्रश्न, की मेमरी राखून ठेवलीत का? अरे, राखली की! डेमो शुक्रवारी आणि ही बुधवारची रात्र.

पत्ते बदलले, आकार बदलला, भांडलोही. शेवटी /प्रॉक/आयओमेम उघडली, तर सगळे पत्ते शून्य! साध्या युजरला ती तसेच दाखवते, सुडो लावावं लागतं. लावल्यावर दिसलं, की आमचा तुकडा 'रिझर्व्हड' आहे खरा, पण सिस्टिम रॅमच्या पोटात, आत सरकलेल्या ओळीवर.

चूक इथे होती. नुसता नोड लिहिला तर लिनक्स तो तुकडा कोणाला वाटत नाही, म्हणून फ्रीमधला आकडा घटतो. पण तुकडा त्याच्या नकाशात राहतो आणि सिस्टिम रॅम म्हणूनच मोजला जातो. मग जेलहाउसने मागितला की कर्नल म्हणतो, हा माझा आहे. एसटीत सीटवर 'राखीव' रंगवलं तरी ती कंडक्टरच्या हिशोबात असतेच ना! आम्हाला हवी होती ड्रायव्हरची केबिन, जाळीपलीकडची, प्रवाशांच्या सीटमध्ये न मोजलेली. त्यासाठी नोडमध्ये एकच शब्द कमी होता: नो-मॅप.

तो टाकला. आयओमेममध्ये सिस्टिम रॅमचे दोन तुकडे झाले आणि मधे आमची ओळ स्वतंत्र उभी. रात्री दोन वाजता जेलहाउस चालू झाला. आता कोठडीतला कोड लोड करताना वेगळाच एरर येतोय, पण तो मेमरीचा नाही.