विश्लेषण : इमारत तीच, ग्राहक तेच, मग बिल्डरचा नफा अचानक शून्य कसा होतो?

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की बावधननंतर भूगाव येते. मुळशी तालुक्यातील हे गाव गेल्या काही वर्षांत झपाट्याने उंच झाले. परांजपे स्कीम्सची ‘फॉरेस्ट ट्रेल्स’सारखी मोठी वसाहत इथे आहे आणि आजूबाजूला लहान-मोठ्या बिल्डरांचे प्रकल्पही आहेत. कोथरूडमध्ये न परवडणारे घर इथे घेणारे कुटुंब सहसा बांधकाम सुरू असतानाच सदनिका नोंदवते. टोकन देते, करारनामा करते, बँकेचे हप्ते सुरू करते आणि मग वाट पाहते.

या वाट पाहण्याच्या काळात एखाद्या दिवशी बातमी येते, की अमुक बांधकाम कंपनीचा नफा निम्म्याहून खाली आला. पोटात गोळा येतो. कंपनी बुडते आहे का? कधी उलटे घडते. नफा एकदम तिप्पट होतो आणि सगळे सुखावतात. यातले काहीच प्रत्यक्षात घडलेले नसू शकते. बदललेले असते ते फक्त हिशेब लिहिण्याचे मानक. 1 एप्रिल 2018 पासून देशातील मोठ्या बांधकाम कंपन्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

जुना नियम काय होता?

घर बांधायला तीन-चार वर्षे लागतात. मग विक्रीचे उत्पन्न कोणत्या वर्षी दाखवायचे? चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था आयसीएआयच्या 2012 मधील मार्गदर्शक टिपेने यावर उत्तर दिले होते : जसजसे काम पुढे सरकेल, तसतसे उत्पन्न दाखवा. त्यासाठी काही उंबरठे होते. जमिनीचा खर्च सोडून बांधकामाच्या अंदाजित खर्चापैकी किमान 25 टक्के खर्च झालेला हवा, विक्रीयोग्य क्षेत्रापैकी किमान 25 टक्के क्षेत्राचे करार झालेले हवेत आणि त्या करारांच्या किमतीपैकी किमान 10 टक्के रक्कम हाती आलेली हवी. इतके झाले की एकाही ग्राहकाला किल्ली न देता कंपनी विक्री आणि नफा दोन्ही दाखवू शकत होती.

मग बदलले काय?

‘इंड एएस 115’ हे मानक. आंतरराष्ट्रीय पातळीवर त्याचे मूळ असलेले आयएफआरएस 15 मे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात हे मानक आधी फेब्रुवारी 2015 मध्ये अधिसूचित झाले, मार्च 2016 मध्ये मागे घेतले गेले आणि अखेर 28 मार्च 2018 रोजी पुन्हा अधिसूचित झाले. लागू होण्याची तारीख होती 1 एप्रिल 2018, म्हणजे मध्ये जेमतेम चार दिवस.

या मानकाचा प्रश्न सरळ आहे : वस्तूचा ताबा ग्राहकाकडे कधी जातो? काम चालू असतानाच उत्पन्न दाखवायचे असेल, तर तीनपैकी एक कसोटी पूर्ण व्हावी लागते. बिल्डरच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची कसोटी अशी : ग्राहकाने मध्येच करार सोडला, तर झालेल्या कामाचा मोबदला कायद्याने वसूल करण्याचा हक्क कंपनीला आहे का? आपल्याकडच्या करारनाम्यांत ग्राहक बाहेर पडला, की बहुधा काही रक्कम कापून बाकीची परत केली जाते आणि सदनिका दुसऱ्याला विकली जाते. उलट ताबा लांबला, तर रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार ग्राहकालाच व्याजासह पैसे परत मागता येतात. म्हणून अनेक कंपन्यांनी निष्कर्ष काढला, की ही कसोटी पूर्ण होत नाही आणि उत्पन्न शेवटी एकदाच दाखवावे लागेल. हा ‘शेवट’ कुणाच्या धोरणात भोगवटा प्रमाणपत्राचा असतो, कुणाच्या ताब्याचा. काही कंपन्यांनी मात्र आपले करार कसोटीला उतरतात असे मानून टप्प्याटप्प्याने उत्पन्न दाखवणे चालूच ठेवले. त्यामुळे आज दोन बिल्डरांचे नफे शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. आधी दोघांची पद्धत एकच आहे का, ते पाहावे लागते.

एका इमारतीचे गणित

समजा, भूगावात 100 सदनिकांचा एक प्रकल्प आहे. प्रत्येकी 60 लाख, म्हणजे एकूण विक्री 60 कोटी. खर्च 48 कोटी, नफा 12 कोटी. सोयीसाठी जमीन आणि कर बाजूला ठेवू आणि सगळ्या सदनिका पहिल्याच वर्षी विकल्या गेल्या असे धरू. तीन वर्षांत खर्च होतो 12, 24 आणि 12 कोटी.

जुन्या पद्धतीने नफा दिसेल 3 कोटी, 6 कोटी, 3 कोटी. नव्या पद्धतीने शून्य, शून्य आणि तिसऱ्या वर्षी एकदम 12 कोटी. सिमेंट तेवढेच, हप्ते तेवढेच, बँकेतली रक्कमही तीच.

खरी गंमत, किंवा गोंधळ म्हणा, नियम मध्येच बदलला तर होतो. समजा, दोन वर्षे जुन्या पद्धतीने गेली आणि 9 कोटी नफा दाखवून झाला. आता नवे मानक आले. कंपनीपुढे दोन रस्ते असतात. पहिला, मागचे आकडे नव्याने मांडायचे. मग ताज्या अहवालात शेजारी छापलेल्या गेल्या वर्षीच्या रकान्यात 6 कोटींऐवजी शून्य दिसते. दुसरा रस्ता सोपा. मागचे आकडे तसेच ठेवायचे आणि बदलाच्या दिवशी साठलेल्या नफ्यातून 9 कोटी एकरकमी वजा करायचे.

हा दुसरा रस्ता निवडला, तर काय होते बघा. तिसऱ्या वर्षी ताबा दिला, की पूर्ण 12 कोटी नफा-तोटा पत्रकात येतात. तीन वर्षांची छापील पत्रके जोडली, तर बेरीज होते 3 अधिक 6 अधिक 12, म्हणजे 21 कोटी. प्रत्यक्ष नफा 12 कोटींचाच. जास्तीचे 9 कोटी दोनदा दिसले. एकदा जुन्या नियमाने, एकदा नव्या. ते वजा झाले खरे, पण नफा-तोटा पत्रकात नव्हे, थेट राखीव निधीतून. यात लबाडी नाही. मानकच तशी मुभा देते. मात्र फक्त नफ्याची ओळ वाचणाऱ्या लहान गुंतवणूकदाराला ही वजावट कधी दिसतच नाही. शिवाय राखीव निधी घटला, की कंपनीचे नक्त मूल्य घटते आणि कर्जाशी असलेले त्याचे प्रमाण कागदावर बिघडते.

हे सांगण्याची सक्ती नाही का?

आहे, आणि दोनदा आहे. पहिली सक्ती बदलाच्या आधीची. ‘इंड एएस 8’नुसार एखादे मानक अधिसूचित झाले पण अजून लागू झालेले नसेल, तरी त्याचा अपेक्षित परिणाम कंपनीने अहवालात सांगायचा असतो. 31 मार्च 2018 ला संपलेल्या वर्षाच्या अहवालात म्हणूनच इंड एएस 115 चा उल्लेख येतो. पण ‘परिणाम तपासत आहोत’ एवढ्या एका वाक्यावर भागवण्याची सवय कंपन्यांना आहे. मानक हाती पडले चारच दिवस आधी, ही सबब अर्धीच खरी. त्याचा आंतरराष्ट्रीय मजकूर चार वर्षे सर्वांसमोर होता.

दुसरी सक्ती बदल केल्यानंतरची. कोणते मानक, बदलाचे स्वरूप काय, कोणता रस्ता निवडला आणि कोणत्या ओळीत किती रुपयांचा फरक पडला, हे टिपांमध्ये द्यावे लागते. सोपा रस्ता घेणाऱ्या कंपनीने पहिल्या वर्षी जुन्या नियमाने आकडे किती आले असते, तेही सांगायचे असते. पुण्यातील सूचिबद्ध कोलते-पाटील डेव्हलपर्सने त्या काळात गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात दोन्ही पद्धतींचे आकडे दिले होते. वाचणाऱ्याला असे शेजारी ठेवलेले दोन रकाने लांबलचक टिपेपेक्षा जास्त कळतात.

घर घेणाऱ्याने काय पाहावे?

नफा सर्वांत शेवटी पाहावा. नव्या पद्धतीत या वर्षीचा नफा म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वी विकलेल्या घरांचा ताबा. आज एकही सदनिका विकली जात नसली, तरी तो फुगलेला दिसू शकतो. उलट नवे प्रकल्प जोरात विकणारी कंपनी दोन वर्षे तोट्यात दिसू शकते.

पाहण्यासारखी ओळ ताळेबंदात आहे. वरच्या उदाहरणात दुसऱ्या वर्षाअखेर ग्राहकांनी 45 कोटी भरले असतील, तर जुन्या पद्धतीत ते उत्पन्नात विरघळून जात. नव्या पद्धतीत पूर्ण 45 कोटी ‘कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटीज’ किंवा ग्राहकांकडून मिळालेली आगाऊ रक्कम या नावाने देण्यांच्या बाजूला दिसतात. समोर मालमत्तेच्या बाजूला 36 कोटींचे अपूर्ण बांधकाम. लोकांचे किती पैसे घेतले आहेत आणि अजून घरे दिलेली नाहीत, हे नव्या मानकाने ठळक केले. शेअर बाजाराला नफ्याचे हेलकावे आवडले नसतील, पण हप्ते भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा बदल चांगलाच म्हणावा लागेल. हा आकडा दरवर्षी वाढतो आहे आणि ताबे मात्र होत नाहीत, असे दिसले तर विचारणा करायला जागा आहे.

सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल बीएसई, एनएसई किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. मोबाइलवर फाइल उघडून शोधाच्या चौकटीत मानकाचे नाव इंग्रजीत टाकले, की थेट त्या टिपेवर जाता येते. तीनशे पाने चाळण्याची गरज नाही.

बिल्डर सूचिबद्ध नसेल तर?

इंड एएस बहुतेक सूचिबद्ध कंपन्यांना आणि 250 कोटी किंवा त्याहून अधिक नक्त मूल्य असलेल्या इतर कंपन्यांना लागू आहेत. भूगावसारख्या गावात प्रकल्प अनेकदा भागीदारी संस्थेच्या किंवा एलएलपीच्या नावावर असतो. तिला इंड एएस लागू नाहीत. तिथे जुन्या पद्धतीचे हिशेब आजही चालतात. तोच एलएलपी एखाद्या मोठ्या कंपनीच्या समूहात असेल, तर समूहाच्या एकत्रित हिशेबात मात्र नवे मानक लागते. म्हणून फलकावरचे नाव आणि करारनाम्यातले नाव एकच आहे का, हे तपासलेले बरे.

मोठ्या कंपनीच्या ताळेबंदातही एकेका प्रकल्पाचा हिशेब मिळत नाही. त्यासाठी महारेराचे संकेतस्थळ आहे. कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि ती कामाच्या प्रमाणातच काढता येते. काढण्यापूर्वी वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल अशा तिघांचे दाखले लागतात. वर्षाअखेरीस सनदी लेखापाल या खात्याची तपासणी करून ‘फॉर्म 5’ देतो. जमा झालेली आणि काढलेली रक्कम त्याच प्रकल्पावर खर्च झाली का, हे त्यात लिहिलेले असते. इंड एएस लागू असो वा नसो, हा फॉर्म नोंदणीकृत प्रत्येक प्रकल्पाला भरावाच लागतो.