लोकगीतांच्या कार्यक्रमात गाण्यांचा क्रम कसा ठरतो?

सोसायटीच्या गणपतीत किंवा नवरात्रात लोकगीतांचा कार्यक्रम बघताना एक गोष्ट लक्षात आलीय? पहिलं गाणं जवळपास नेहमीच गणपतीचं असतं. हा क्रम तमाशातून आलाय: आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. आजच्या कार्यक्रमात वग गेला, बतावणीची जागा निवेदकाने घेतली, पण गण-गवळण जागेवर आहे. म्हणजे सुरुवात ठरलेलीच. खरी डोकेफोड पुढे.

पहिला प्रश्न ढोलकीचा. तिची शाईची बाजू गाण्याच्या पट्टीला लावलेली असते. गायकाची पट्टी काळी एक आणि गायिकेची काळी पाच असेल, तर दोघांना एकच ढोलकी चालत नाही. म्हणून वादक दोन-तीन ढोलक्या लावूनच बसतो. तरी दर गाण्याला ढोलकी बदलली की मध्ये शांतता पडते, आणि मैदानात शांतता पडली की लोक वडापावच्या गाडीकडे वळतात. त्यामुळे एका पट्टीची गाणी शक्यतो लागोपाठ घेतात. हलगी असेल तर आणखी काम. सैल पडलेलं कातडं शेकावं लागतं. तेवढा वेळ निवेदक किस्से सांगतो!

दुसरा प्रश्न भावनेचा. गोंधळ हा मुळात विधी आहे. संबळ-तुणतुण्यावर तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा यांना नाव घेऊन बोलावलं जातं. लावणी संपताच गोंधळ सुरू केला तर अनेकांना ते खटकतं. मध्ये भारूड ठेवणं मला सगळ्यात चांगलं वाटतं, कारण त्यात हसूही असतं आणि अध्यात्मही.

आणि मग घड्याळ. ठाणे, कल्याण, डोंबिवली हा आगरी-कोळ्यांचा पट्टा. इथे कोळीगीत आधीच संपवलं तर खुर्च्या रिकाम्या होणार, म्हणून ते मागे ठेवतात. पण 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं. गडकरी रंगायतन किंवा सावित्रीबाई फुले कलामंदिरासारख्या बंदिस्त सभागृहाला ही अट नाही, मैदानाला आहे. पाहुण्यांचे सत्कार अर्धा तास लांबले, तर कापलं जाणार ते नेमकं सगळे ज्यासाठी थांबलेत तेच गाणं.

यावर साधा उपाय म्हणजे यादी करतानाच मधल्या दोन-तीन गाण्यांवर ‘गाळली तरी चालेल’ अशी खूण करून ठेवायची. साडेनऊला घड्याळ बघायचं आणि थेट कोळीगीतावर यायचं. आयोजक तुम्ही असाल, तर सत्कार किती आहेत ते निवेदकाला आदल्या दिवशीच सांगा.