दोघांनी जायचं, बसून बोलायचं

पॅरिसमध्ये १८३३ च्या सुमारास विद्यार्थ्यांची एक चर्चामंडळी होती. कॅथलिक, नास्तिक, नव्या समाजवादाने भारलेले, सगळेच तिथे तावातावाने भांडत. एकदा विरोधी बाजूने टोमणा मारला: तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? कायदा शिकणाऱ्या फ्रेडरिक ओझानामकडे, वय वर्षं वीस, सांगण्याजोगं काही नव्हतं. आदल्याच वर्षी त्या शहरात कॉलऱ्याने हजारो माणसं मेली होती. सांगतात ते असं, की ओझानाम आणि त्याचा एक मित्र स्वतःच्या खोलीतलं हिवाळ्यातलं उरलेलं जळण उचलून एका गरिबाच्या घरी टाकून आले. वादात हरलेल्या माणसाने द्यावं असं हे उत्तर.

२३ एप्रिल १८३३ ला सातजण एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जमले, आणि त्यातून सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी उभी राहिली. आज ती सुमारे दीडशे देशांत आहे. भारतात ती १८६३ मध्ये आली. मुंबईत किंवा वसईत चर्चला जाणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असते. बाहेरच्यांना मात्र तिचं नावही माहीत नसतं. आपल्याला ख्रिस्ती सेवा म्हटलं की मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल आठवतं, केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं. तिथे इमारती आहेत, पाट्या आहेत. या सोसायटीचं मुख्य काम म्हणजे कुणाच्या तरी घरी जाऊन बसणं. त्याला पाटी कुठे लावणार?

घरी कसं जायचं हे त्या पोरांना शिकवलं सिस्टर रोझाली रांद्यू या ननने. पॅरिसच्या मुफ्तार भागातल्या कष्टकऱ्यांची घरं तिला पाठ होती. तिने त्यांना पत्ते दिले, पावाच्या आणि मटणाच्या चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठी हे दार उघडण्याचं निमित्त. आत गेल्यावर बसायचं, ऐकायचं. कायद्याची पुस्तकं वाचणाऱ्यांना हे अवघड गेलं असणार. ऐकून घेण्याची त्यांना सवय कुठली?

पद्धत अजून तीच आहे. भेटीला दोघांनी जायचं. एकटा माणूस स्वतःला दाता समजू लागतो, असं मला वाटतं. सोबत कुणी असलं की जरा लाज राहते. कुटुंबाची माहिती बाहेर फोडायची नाही. ठरलेल्या दिवशी सभा: प्रार्थना, छोटं वाचन, मग कोण कुणाकडे गेलं आणि पुढे काय लागणार याचा हिशेब. कुणाचं औषध, कुणाची शाळेची फी, कुणाचं थकलेलं भाडं.

आणि मग पिशवी फिरते. मला ही सगळ्यांत शहाणी गोष्ट वाटते. प्रत्येकाने मूठ मिटून हात आत घालायचा आणि मोकळा करून बाहेर काढायचा. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी त्या आठवड्यात काहीच नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरून घेणाऱ्या आपल्या मुलुखात हे विशेषच. शिवाय ज्याचा हात आत रिकामाच गेला, तोही सभेत तेवढ्याच मानाने बसतो.

या सगळ्यामागे मत्तयच्या शुभवर्तमानातला पंचविसावा अध्याय आहे. शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा काय विचारतो, ती यादी नीट पाहावी. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र. पुढे आजारी आणि कैदी येतात. आजाऱ्याला बरं केलंत का, कैद्याला सोडवलंत का, असं तो विचारत नाही. भेटायला गेला होतात का, एवढंच. फक्त डॉक्टरला किंवा फक्त श्रीमंताला जमेल असं त्या यादीत काहीही नाही.

मदतीमागे धर्मांतराचा डाव असतो, हा संशय आपल्याकडे लगेच येतो. सोसायटीचा नियम असा, की गरजू माणसाचा धर्म पाहायचा नाही. नियम पाळला जातो की नाही, हे ज्याच्या दारात ते दोघे गेले त्यालाच विचारावं. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. किराणा पोचवून गरिबी हटते का? ओझानामलाही हा प्रश्न टळला नव्हता. १८३९ नंतर ल्यों शहरात व्यापारी कायदा शिकवताना त्याने कामगाराच्या न्याय्य मजुरीचा विषय व्याख्यानांत घेतला. पुढे तो सोर्बोनमध्ये परदेशी साहित्याचा प्राध्यापक झाला. गरिबांच्या घरच्या भेटी मात्र त्याने सोडल्या नाहीत, आणि १८५३ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेला. मजुरीचा प्रश्न त्याला वर्गात पडला असेल, पण मजुरी पुरत नाही म्हणजे घरात नेमकं काय कमी पडतं, हे कळायला त्याला ते जिने चढावे लागले होते.