आकड्यामागचे नाव : ५ म्हणजे बौद्ध की जैन?

आरोग्याचे सर्वेक्षण करणारी ताई दारात येते. घरात माणसे किती, पाणी कुठून भरता, बाळंतपण कुठे झाले, धर्म कोणता, जात कोणती, असे विचारते. आपण शब्दांत सांगतो, पण पुढे संगणकात बहुतेक उत्तरे आकडा होऊन जातात. हिशेब करणारा माणूस त्या आकड्यांना परत नावे देतो, आणि तिथे गफलत झाली तर अख्खी वस्ती कागदावर दुसऱ्याच नावाने जाते. म्हणून हे काम कसे चालते ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

माहिती दोन प्रकारची असते. वजन, वय, हिमोग्लोबिन हे मोजायचे आकडे. त्यांची बेरीज होते, सरासरी निघते. धर्म, जात, बाळंतपणाची जागा हे मात्र गट आहेत. तिथला आकडा म्हणजे फक्त खूण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३ अशा खुणा आहेत. एक घर हिंदू आणि एक ख्रिश्चन असेल तर संगणक सरासरी २ काढून देईल. म्हणून ती दोन्ही घरे मुस्लिम झाली का? गटांची सरासरी काढायची नसते, घरे मोजायची असतात.

काही गटांना मात्र पायऱ्या असतात. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. मग सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या. त्याच सर्वेक्षणाच्या नोंदीत तीव्र १, मध्यम २, सौम्य ३ आणि रक्तक्षय नाही ४, अशी खूण असते. ज्याला हे ठाऊक नाही तो ४ पाहून म्हणेल, हिचा आजार सर्वात जास्त! खरे तर तीच बाई धडधाकट.

आकड्याला नाव देणे म्हणजे औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी लावणे. चिठ्ठी बदलली म्हणून आतले औषध बदलत नाही, पण देणारा चिठ्ठी वाचूनच देतो. एसपीएसएसमध्ये 'व्हॅल्यूज' या रकान्यात ही नावे भरतात. स्टाटामध्ये आधी नावांची यादी तयार करायची आणि मग ती त्या रकान्याला जोडायची, अशी दोन कामे आहेत. आरमध्ये आकडे आणि नावे एकाच क्रमाने द्यावी लागतात. क्रम चुकला तरी संगणक तक्रार करत नाही. तुम्ही दिलेले नाव तो निमूटपणे छापतो.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बौद्ध ५ आणि जैन ६. जनगणनेच्या २०११ च्या तक्त्यातही तसेच. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात जैन ५ आणि बौद्ध ६! जातीचेही तसेच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जाती १ व अनुसूचित जमाती २, तर नमुना सर्वेक्षणात जमाती १ व जाती २. एकाची नावे दुसऱ्याच्या आकड्यांना चिकटवली की आपल्या वस्तीतला दवाखान्याचा खर्च जैन कुटुंबांच्या नावावर जातो आणि त्यांची सुबत्ता आपल्या नावावर येते. मग अहवाल सांगणार, बौद्धांना मदतीची काय गरज?

ही चूक पकडायला मोठे शिक्षण लागत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख आणि जैन सुमारे १४ लाख होते. राज्याच्या एखाद्या अहवालात जैन घरे बौद्धांच्या चौपट दिसली, तर चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असा संशय घ्या आणि विचारा.

दुसरा धोका 'माहीत नाही' या उत्तराचा. त्याला ८, ९९ असा आकडा देतात. नऊ बायांना दोन-दोन मुले आहेत आणि दहावीच्या नावापुढे माहिती नाही म्हणून ९९ लिहिले. हा ९९ वगळायला संगणकाला सांगितले नाही तर सरासरी ११.७ मुले निघतात. आणि दोष येतो वस्तीतल्या बायकांवर.

विहारात तरुण मुले-मुली आरोग्याची पाहणी करणार असतील, तर एवढे पाळा :

१. फॉर्म वाटण्याआधी कोणत्या आकड्याचा अर्थ काय, ते वहीत लिहा. ती वही हरवू देऊ नका.

२. होय-नाहीसाठी सगळीकडे एकच पद्धत ठेवा. एका पानावर नाही म्हणजे ०, दुसऱ्यावर २, असे नको.

३. 'उत्तर नाही' आणि 'माहीत नाही' यांना वेगळे आकडे द्या व हिशेबातून वगळा.

४. नावे दिल्यावर प्रत्येक गटात किती घरे आली ते मोजा. दहा कागदी फॉर्म काढून संगणकाशी ताडून पाहा.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धर्म बौद्ध सांगितल्याने अनुसूचित जातीचा रकाना बंद होत नाही. १९५० च्या आदेशात १९९० मध्ये झालेल्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे. "आम्ही जात मानत नाही" एवढेच सांगून थांबलात, तर तुमच्या घरापुढे 'यापैकी नाही' याचा आकडा पडू शकतो. काय सांगायचे ते घरात बसून ठरवा. पण ताई लिहीत असताना विचारा, "बाई, माझ्या उत्तरापुढे कोणता आकडा टाकलात आणि त्याचा अर्थ काय?" हे विचारायला लाजू नका.